आर्यभटाची नौका आणि गॅलिलिओचे जहाज

गतीचा पहिला धडा माणसाला आकाशाने दिला. सूर्य उगवतो, माथ्यावर येतो आणि मावळतो. चंद्र रोज थोडा उशिरा दर्शन देतो. रात्र पडली की ताऱ्यांचा सारा पट पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकू लागतो. पायाखालची जमीन मात्र जागची हलत नाही. तिच्यावर घर बांधता येते, भिंतीला ओळंबा लावता येतो, काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला रात्रभर न सांडता ठेवता येतो. पृथ्वी स्थिर आहे आणि आकाश फिरते, हा मानवजातीचा पहिला निष्कर्ष अशा रोजच्या अनुभवावर उभा होता. संस्कृत भाषेने पृथ्वीला ‘अचला’ आणि ‘स्थिरा’ अशी नावे दिली ती याच विश्वासाने. हा विश्वास अडाणीपणाचा नव्हता. डोळ्यांचा आणि तळपायांचा पुरावा त्याच्या बाजूने होता, आणि त्याहून बळकट पुरावा त्या काळी कोणापाशी नव्हता.

या पुराव्याला भारतात उघड आव्हान दिले ते आर्यभटाने. त्याचा जन्म इ. स. ४७६ चा. इ. स. ४९९ मध्ये आपले वय तेवीस वर्षांचे होते, असे त्याने स्वतःच ‘आर्यभटीय’ या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. सव्वाशेहून कमी श्लोकांच्या या छोटेखानी ग्रंथात नौकेचा एक दृष्टांत आहे. प्रवाहाबरोबर पुढे जाणाऱ्या नौकेतील माणसाला काठावरच्या अचल वस्तू मागे जाताना दिसतात. त्याचप्रमाणे लंकेवर उभ्या असलेल्या माणसाला अचल असे तारे सरळ पश्चिमेकडे जाताना दिसतात, असा त्याचा आशय. ही लंका म्हणजे रामायणातील रावणाची नगरी नव्हे. उज्जयिनीच्या रेखावृत्तावर, विषुववृत्तापाशी ज्योतिष्यांनी कल्पिलेला तो एक बिंदू आहे.

दृष्टांत साधा आहे. परंतु त्यात गतिशास्त्राचे एक मूलतत्त्व दडलेले आहे. स्थानकात उभ्या असलेल्या आगगाडीत बसलेल्या प्रवाशाला शेजारची गाडी हलताच आपलीच गाडी सुटल्याचा भास होतो. गती ही एकट्या वस्तूच्या अंगी असलेली गोष्ट नव्हे. ती कशाच्या तरी तुलनेने ठरते. काठ मागे गेला काय आणि नौका पुढे गेली काय, दृश्य एकच. आकाश पश्चिमेकडे फिरले काय आणि पृथ्वी पूर्वेकडे फिरली काय, सूर्योदय आणि सूर्यास्त तसेच घडणार. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. आर्यभटाने सांगितले ते पृथ्वीचे स्वतःच्या अक्षाभोवतीचे भ्रमण. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, असे त्याने म्हटलेले नाही.

या भ्रमणाला त्याने मापही दिले. प्राचीन कालगणनेत सहा प्राणांचे एक पळ, साठ पळांची एक घटिका आणि साठ घटिकांचा एक दिवस. म्हणजे दिवसाचे प्राण २१,६०० झाले. वर्तुळाचे अंश ३६० आणि प्रत्येक अंशाच्या कला ६०. म्हणजे वर्तुळाच्या कलाही २१,६००. म्हणून पृथ्वी एका प्राणात, सुमारे चार सेकंदांत, एक कला फिरते, असे आर्यभटाने सांगितले. एका युगाच्या ४३,२०,००० वर्षांत पृथ्वीची १,५८,२२,३७,५०० आवर्तने होतात, असा त्याचा आकडा आहे. त्यावरून एका आवर्तनास लागणारा वेळ २३ तास ५६ मिनिटे ४.१ सेकंद येतो. आजच्या सूक्ष्म मापनाशी तो ताडून पाहिला, तर फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास पडतो.

हा आकडा थक्क करणारा आहे. तथापि पृथ्वी फिरते याचा तो पुरावा नव्हे. नक्षत्रचक्र त्याच वेळात एक फेरी पूर्ण करते असे मानले, तरी आकडा तोच येणार. नौकेचा दृष्टांत पृथ्वीचे फिरणे शक्य ठरवत होता. सिद्ध करत नव्हता. आणि शक्यतेविरुद्ध बोलणारा रोजचा अनुभव समोर उभा होता.

तो अनुभव वराहमिहिराने ‘पंचसिद्धांतिके’त मांडला. पृथ्वी फिरत असेल, तर आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्याकडे परत कसे येतील? पक्षी हवेत असताना घरटे, झाड आणि रान ही सारी पूर्वेकडे निघून गेली असतील. ध्वज सदैव पश्चिमेकडेच का फडकत नाहीत? आणि पृथ्वी मंद गतीने फिरते म्हणावे, तर एका दिवसात तिची फेरी पुरी होईल कशी? इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने ‘ब्राह्मस्फुटसिद्धांता’त आणखी एक प्रश्न टाकला : पृथ्वी भोवंडत असेल, तर उंच वस्तू कोसळून का पडत नाहीत? पुढे आठव्या शतकात लल्लाने बाणाचे उदाहरण घेतले. सरळ वर सोडलेला बाण पश्चिमेला पडावयास हवा होता. ढगांनीही नेहमी पश्चिमेकडेच जावयास हवे होते.

या आक्षेपांना हसणे सोपे आहे. परंतु त्यांचे वजन आकड्यांनी तोलून पाहिले म्हणजे हसू मावळते. विषुववृत्तावरचा बिंदू पृथ्वीच्या भ्रमणामुळे दर सेकंदाला सुमारे ४६५ मीटर पूर्वेकडे जातो. दिल्लीच्या अक्षांशावर हा वेग सुमारे ४०९ मीटर आहे. कुतुबमिनाराची उंची ७२.५ मीटर. हवेचा अडथळा सोडून दिला, तर त्याच्या माथ्यावरून सोडलेला दगड भुईवर यावयास पावणेचार सेकंदांहून किंचित अधिक वेळ लागतो. एवढ्या वेळात मिनार दीड किलोमीटरहून अधिक पूर्वेला सरकलेला असतो. आक्षेप घेणाऱ्यांचे गृहीत खरे असते, तर दगड मिनारापासून दीड किलोमीटर पश्चिमेला पडला असता. प्रत्यक्षात तो मिनाराच्या पायथ्याशीच पडतो. तेव्हा आर्यभटाला चूक म्हणणारे लोक डोळे मिटून बोलत नव्हते. ते डोळे उघडे ठेवून बोलत होते. चूक होती ती त्यांच्या न उच्चारलेल्या गृहीतात.

ते गृहीत असे की, हातातून सुटलेल्या वस्तूची गती त्या क्षणीच संपते. भारतापुरताच हा समज नव्हता. ग्रीसमध्ये ॲरिस्टॉटलने शिकवले होते की, जड वस्तूची स्वाभाविक गती खाली, पृथ्वीच्या मध्याकडे. आणि इतर कोणत्याही दिशेने तिला न्यावयाचे, तर सतत ढकलणारा कोणीतरी हवा. धनुष्यातून सुटलेल्या बाणाला हवा ढकलते, असे त्याचे उत्तर होते. आकाशातील ज्योतींची गती मात्र त्याने निराळी मानली. ती वर्तुळाकार, अखंड आणि अविनाशी. अशा रीतीने पृथ्वीवरचे गतिशास्त्र वेगळे आणि आकाशाचे वेगळे, अशी सृष्टीची वाटणी झाली. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने याच आधारावर पृथ्वीचे भ्रमण नाकारले. ढग आणि पक्षी मागे राहतील, हेच त्याचेही म्हणणे. दोन दूरच्या देशांतील ज्योतिषी एकाच उदाहरणापाशी अडखळले, यावरून अडचण किती स्वाभाविक होती हे दिसते.

या अडचणीची किल्ली भारतीय विचारात अगदीच नव्हती असे नाही. कणादाच्या वैशेषिक दर्शनात सुटलेल्या बाणाचा विचार आहे. बाणाची पहिली हालचाल प्रत्यंचेच्या ढकलण्याने होते, नंतरची हालचाल त्याच्यात उत्पन्न झालेल्या संस्काराने होते, आणि तो संस्कार संपला की गुरुत्वामुळे बाण खाली पडतो, असे तेथे प्रतिपादन केले आहे. या संस्काराला वैशेषिकांनी ‘वेग’ हे नाव दिले. म्हणजे सुटलेल्या वस्तूच्या अंगी गती शिल्लक राहते, ही कल्पना दर्शनकारांच्या घरी नांदत होती. वराहमिहिर, ब्रह्मगुप्त आणि लल्ल यांच्या आक्षेपांत मात्र तिचा मागमूस नाही. झाडावरून उडालेल्या पक्ष्याच्या अंगी पृथ्वीचा वेग आधीच असेल, हा प्रश्न त्या आक्षेपांत उभाच राहिला नाही. तर्कशास्त्राचे घर आणि ज्योतिषाचे घर एकाच गावात होते. पण या कामासाठी एकाने दुसऱ्याचे दार ठोठावले नाही.

पुढे आर्यभटाच्या वचनाचे जे झाले, ते विचार करावयास लावणारे आहे. मूळ श्लोकात एका प्राणात एक कला चालणारी ‘भू’, म्हणजे पृथ्वी, होती. ब्रह्मगुप्ताने टीका करताना हाच पाठ गृहीत धरला आहे. परंतु नंतरच्या काही टीकाकारांनी तेथे ‘भ’, म्हणजे नक्षत्रचक्र, असा पाठ घेतला. एक अक्षर पालटले आणि पृथ्वी थांबली. नौकेच्या श्लोकालगतच नक्षत्रचक्राला फिरवणाऱ्या प्रवह वायूचा उल्लेख येतो. त्याचाही आधार या मंडळींना मिळाला. हे त्यांनी आर्यभटाच्या द्वेषाने केले नाही. उलट आदराने केले. एवढा मोठा आचार्य असे अशक्य बोलेल कसा, या भावनेने त्यांनी आचार्याला सावरून घेतले. ब्रह्मगुप्ताने आर्यभटाला उघड विरोध केला; त्यामुळे निदान आर्यभट काय म्हणाला ते टिकून राहिले. विरोधकाने मत जपले आणि भक्तांनी ते पुसले, असा हा विलक्षण प्रसंग आहे. या सर्व परंपरेचा मराठी वाचकांना साक्षेपी परिचय शंकर बाळकृष्ण दीक्षित यांच्या १८९६ सालच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या ग्रंथाने करून दिला.

अकराव्या शतकात अल्-बिरूनीने हा वाद अभ्यासला. पृथ्वी फिरते असे मानल्याने ज्योतिषाच्या गणिताला काहीच बाध येत नाही, हे त्याने स्पष्टपणे नोंदवले. परंतु अन्य कारणांनी ते मत त्याला अशक्य वाटले. आकाशाचे गणित दोन्ही बाजूंना सारखेच अनुकूल आहे, एवढे आता पुरते उघड झाले होते. निकाल लागायचा तर तो आकाशात लागणार नव्हता. जमिनीवर पडणाऱ्या दगडापाशी लागणार होता.

तो निकाल युरोपात हळूहळू लागला. १३७७ साली फ्रान्समध्ये निकोल ओरेम याने दाखवून दिले की, वर सोडलेला बाण पृथ्वीच्या गतीत सहभागी असेल, तर तो जागच्या जागी पडेल. एवढे सांगूनही शेवटी त्याने पृथ्वी स्थिरच मानली. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याने पृथ्वीला अक्षाभोवती आणि सूर्याभोवती अशा दोन्ही गती दिल्या. फिरणारी पृथ्वी विखरून जाईल अशी भीती वाटणाऱ्यांना त्याने उलट विचारले की, पृथ्वीहून अफाट मोठ्या आकाशाला त्याच वेळात फेरी मारावी लागते, ते विखरून जाण्याची भीती तुम्हांला का वाटत नाही? प्रश्न मार्मिक होता. पण तो उत्तराची जागा घेऊ शकत नव्हता.

उत्तराचा पाया घातला तो गॅलिलिओने. १६३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘संवाद’ या ग्रंथात एक जहाज आहे. त्याच्या पोटातल्या बंद खोलीत काही फुलपाखरे सोडावीत, भांड्यात मासे ठेवावेत, वर टांगलेल्या पात्रातून खालच्या अरुंद तोंडाच्या भांड्यात थेंब थेंब पाणी पडू द्यावे. जहाज उभे असताना हे सारे नीट पाहून घ्यावे. मग जहाज हवे त्या वेगाने, पण एकसारखे आणि न हिंदकळता चालू द्यावे. खोलीत काहीही बदलणार नाही. थेंब त्याच भांड्यात पडेल, फुलपाखरे मागच्या भिंतीला जाऊन चिकटणार नाहीत, मासे पुढे जाताना अधिक दमणार नाहीत. कारण त्या सर्वांच्या अंगी जहाजाची गती आधीच आहे आणि ती टिकवण्यासाठी कोणी ढकलण्याची गरज नाही.

आर्यभटाची नौका आणि गॅलिलिओचे जहाज यांतला फरक येथे कळतो. आर्यभटाचा प्रवासी बाहेर, काठाकडे पाहतो. बाहेर पाहून कोण चालले आहे हे निश्चित सांगता येत नाही, एवढे त्याने दाखवले. गॅलिलिओने खिडकी बंद केली आणि आत पाहावयास लावले. आत पाहूनही ते सांगता येत नाही, हे त्याने दाखवले. वराहमिहिराचे पक्षी, ब्रह्मगुप्ताच्या उंच वस्तू आणि लल्लाचा बाण हे सगळे जहाजाच्या आतले साक्षीदार होते. जहाज चालत नाही अशी साक्ष त्यांनी दिलीच नव्हती. त्यांना त्यातले काही जाणवतच नव्हते. १६४० साली पिएर गासांदी याने मार्सेय बंदरात चालत्या गलबताच्या डोलकाठीवरून दगड टाकून पाहिले. ते डोलकाठीच्या पायथ्याशीच पडले. गॅलिलिओला मात्र या विचाराची किंमत द्यावी लागली होती. १६३३ साली रोमच्या धर्मन्यायालयापुढे त्याला पृथ्वीच्या गतीचे मत सोडल्याची शपथ घ्यावी लागली आणि उरलेले आयुष्य नजरकैदेत काढावे लागले.

गॅलिलिओने सुरू केलेले काम न्यूटनने पुरे केले. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’त गतीचे नियम निःसंदिग्धपणे मांडले गेले. बाह्य बल नसेल, तर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि चालणारी वस्तू सरळ रेषेत, एकाच वेगाने चालत राहते. गतीला कारण लागत नाही. गती बदलण्याला कारण लागते. प्रश्नच बदलला. चंद्राला कोण ढकलते असे विचारण्याचे कारण उरले नाही. चंद्र सरळ निघून न जाता पृथ्वीकडे का वळतो, हे विचारावयाचे होते. चंद्र पृथ्वीच्या मध्यापासून पृथ्वीच्या साठ त्रिज्यांएवढ्या अंतरावर आहे. पृथ्वीवर सोडलेला दगड पहिल्या सेकंदात ४.९ मीटर पडतो. चंद्र त्याच एका सेकंदात आपल्या सरळ मार्गापासून पृथ्वीकडे सुमारे १.४ मिलिमीटर झुकतो. ही दोन मापे ३६०० आणि १ या प्रमाणात आहेत. आणि ३६०० म्हणजे साठाचा वर्ग. दगड आणि चंद्र एकाच नियमाने पडतात, एवढेच की चंद्र पडता पडता पुढेही जात राहतो. पृथ्वीचे गतिशास्त्र वेगळे आणि आकाशाचे वेगळे, ही जुनी वाटणी त्या दिवशी मिटली. ब्रह्मगुप्ताच्या प्रश्नालाही उत्तर मिळाले. भ्रमणामुळे वस्तू बाहेर फेकली जाण्याची प्रवृत्ती खरोखरच आहे; परंतु विषुववृत्तावरदेखील ती गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २९० व्या हिश्श्याएवढीच आहे. म्हणून मनोरे उभे राहतात.

तरीही एक शंका उरते. जहाजाची गती आतून कळतच नसेल, तर पृथ्वी फिरते हे सिद्ध होणार कसे? याचे उत्तर त्याच नियमांत आहे. न कळणारी गती ती एकसारखी आणि सरळ रेषेतली. फिरणे ही तशी गती नव्हे. तिची दिशा क्षणोक्षणी बदलते आणि त्या बदलाची खूण राहते. १६७९ साली न्यूटनने रॉबर्ट हूकला लिहिलेल्या पत्रात हे सुचवले होते. मनोऱ्याचा माथा पृथ्वीच्या अक्षापासून पायथ्यापेक्षा दूर असतो, म्हणून तो किंचित अधिक वेगाने पूर्वेकडे जातो. तेथून सोडलेला दगड तो अधिक वेग घेऊन निघतो आणि पायथ्याच्या किंचित पूर्वेला पडतो. १८३१ साली जर्मनीत फ्रायबर्गच्या खाणीत फर्डिनांड राइख याने सुमारे १५८ मीटर खोल गोळे टाकून पाहिले. ते सरासरी २८ मिलिमीटर पूर्वेला सरकलेले आढळले. कुतुबमिनारावरून, हवेचा परिणाम वगळता, हे अंतर सुमारे १२ मिलिमीटर भरेल. दीड किलोमीटर पश्चिमेला नव्हे, तर १२ मिलिमीटर पूर्वेला! दगडाला विचारावे हे आक्षेपकांचे म्हणणे अखेर बरोबर ठरले. दगडाचे उत्तर तेवढे त्यांच्या अपेक्षेहून वेगळे निघाले.

१८५१ साली लेआँ फूको याने पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेला २८ किलोग्रॅमचा गोळा टांगला. लंबकाच्या आंदोलनाची दिशा जमिनीच्या तुलनेने हळूहळू वळत गेली आणि पृथ्वीचे फिरणे लोकांनी घरात उभे राहून पाहिले. पॅरिसमध्ये या दिशेची फेरी सुमारे ३२ तासांत पुरी होते. नवी दिल्लीच्या संसद भवनात २०२३ साली असा लंबक बसवण्यात आला. तेथे फेरीला सुमारे ५० तास लागतात. पुण्याच्या अक्षांशावर ७५ तास लागतील. विषुववृत्तावर, म्हणजे आर्यभटाच्या लंकेवर, लंबकाची दिशा वळतच नाही. पृथ्वीच्या गतीचा दृष्टांत ज्या स्थानासाठी दिला गेला, नेमक्या त्याच स्थानी हा पुरावा मूक राहावा, हा निसर्गाचा एक विनोदच म्हणावयाचा.

या कथेतून आपल्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असा निष्कर्ष निघत नाही, आणि त्यांना काहीच ठाऊक नव्हते असाही निघत नाही. आर्यभटापाशी सत्य होते, पण आक्षेपांना उत्तर देणारे गतिशास्त्र नव्हते. आक्षेपकांपाशी प्रामाणिक निरीक्षण होते, पण त्याचा अर्थ लावणारी कल्पना नव्हती. खरे मत हाती असूनही ते टिकवता येत नाही, जर त्याला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधली गेली नाहीत तर. आर्यभटाच्या नौकेला गॅलिलिओच्या जहाजाची गाठ पडावयास अकराशेहून अधिक वर्षे लागली. पुण्याच्या आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी केंद्राच्या आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे एकाच अंगणात उभे आहेत. त्यांच्याकडे पाहताना वराहमिहिराच्या पक्ष्यांची आणि ब्रह्मगुप्ताच्या प्रश्नाचीही आठवण ठेवावी. ज्यांनी आदराने अक्षर बदलले त्यांनी ज्ञान थांबवले. ज्यांनी विरोधाने प्रश्न विचारला त्यांनी ते जागे ठेवले.